जनरल देव

माझा नवरा मुंजाजी गिराम, लाईटचा वायरमन,
अकरा दिवस देव होता.
मानवतला मोंढ्यामागं शूटिंग पडलं होतं, तवाची गोष्ट.

ठरलेला देव पुण्याहून निघाला
आन् जालन्यातच उलट्या करीत माघारी फिरला.
डायरेक्टर पोरगा म्हणाला, उंच माणूस पाहिजे, मिशी काढायला तयार असलेला.
हे तवा त्यांचंच कनेक्शन जोडीत होते.
खांबावरूनच म्हणाले, मिशीचं घरी विचारावं लागंल.

मी म्हणलं, मिशी काय, येती परत.

कोणता देव, ह्यांनी विचारलं.
विष्णू का महादेव? बसायचं कशावर? हातात काय धरायचं?
पोरगं म्हणालं, काका, जनरल देव.
कुणाच्या भावना दुखू नयेत असा.
मुकुट आला नांदेडच्या ड्रेसवाल्याकडून,
आतून चिठ्ठी चिकटवलेली: कंस.

गोष्ट अशी, की पंक्चरवाल्याला देव दिसतो.
देवाचीच सायकल पंक्चर.
पंक्चरवाला म्हणतो वीस रुपये, देवाकडं सुट्टे नाहीत.
मग देव म्हणतो, वर माग.
पंक्चरवाला वर बघतो.
इथं हसायचं होतं.
सतरा वेळा घेतलं ते. सतराव्यांदा
चहावालं पोरगंसुद्धा हसलं नाही.

मेकअपवाली रोज ह्यांच्या तळहाताला पावडर थापायची.
देवाच्या हाताला डाग नसतो म्हणं.
तो डाग अकरा केव्हीचा.
त्या राती परभणीच्या सरकारी दवाखान्यात
मी बाकड्यावर बसून होते उजाडेपर्यंत.
जनरल काय, कोणताच आला नव्हता.

नवव्या दिवशी भर उन्हात गिरणी गल्लीची डीपी उडाली.
दुसरा वायरमन लग्नाला सेलूला.
हे निघाले तसेच. पितांबर खोचलेला,
मुकुट डिक्कीत मावंना म्हणून डोक्यावरच.
गल्लीत कुणी हात जोडले नाहीत.
रहीमतबी वसरीतूनच वरडली,
भगवान होगा तेरे घर कू, तार कस के बांध,
पिछली बार जैसी ढिल्ली नको.
एक जण म्हणाला, देवा, बिलाचं बघा काहीतरी.
बिलाचं माझ्या हातात नाही, हे म्हणाले.
देवानं तसं म्हणू नये, पण खरं तेच होतं.

जोशी मास्तरांच्या मागं राहिलेल्या काकू
पदर डोक्यावर घेऊन खांबाखाली उभ्या राहिल्या.
मुंजाजी, पोरगा फोनच उचलंना दिवाळीपासून,
कोणती लाईन गेली रे?
हे वरून बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, काकू, ती लाईन आमच्याकडं येत नाही.

फ्यूज टाकला. एक एक पंखा फिरायला लागला.
परवाच्या बाळंतिणीचं लेकरू रडायचं थांबलं.
कॅमेरा तिकडं मोंढ्यामागं होता,
डायरेक्टर छत्रीखाली देवाची वाट बघत.

राती मी खोबरेल लावून गळ्यावरचा रंग काढायची.
हे म्हणायचे, सत्यशीला, खांदा गेला.
आशीर्वाद द्या म्हणतात,
आन् माझा हात कटआऊट ओढल्यावानी खालीच येतो.

पिक्चर लागला परभणीला, आम्ही गेलो.
देव दिसले. आवाज भलत्याच माणसाचा,
तुपात घोळलेला.
माझ्या शेजारची बाई हसून हसून डोळे पुसत होती.
मी म्हणलं नाही तिला, हा देव माझा आहे म्हणून.
ह्यांची मिशी तवर आली होती,
कुणी ओळखलंही नसतं.

देव म्हणाले, वर माग.
आन् लाईट गेली.

अंधारात शिट्ट्या, शिव्या, खुर्च्यांवर पाय आपटणं.
माझ्या बाजूची खुर्ची रिकामी झाली होती.
दाराजवळून आवाज आला, खरा, आमच्या घरचा:
अहो, डीपी कुठंय इथली?